'वर घे' म्हणजे काय?

मी होडी बोलतेय. बाभळीच्या फळ्यांची आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. पाणी कोणत्या फटीतून आत येईल याचा नेम नसतो, म्हणून स्वभावच तसा पडलाय. बुडणार नाही ना, असं विचारून नेमकी काठावरच बसणारी माणसं मी रोज पाहते.

सोनपेठच्या बाजाराला निघालेल्यांना मी गोदावरी पार करून न्यायचे. पुढे सिताराम पाण्यावर नजर ठेवून, मागे मालक रंगनाथ बांबू घेऊन. सितारामनं "खडक हाय" म्हटलं की रंगनाथही मोठ्यानं "खडक हाय" म्हणायचा. लोक हसायचे. पण त्यामुळे दोघांना एकच नदी दिसायची.

मग रंगनाथनं मला मोटार बसवली. मला ती पहिल्यापासून खटकली; स्वतःपुढे दुसऱ्याचं ऐकूच देत नाही. त्यातच सिताराम पलीकडच्या होडीवाल्याशी बोलताना दिसला. हा आपल्याला सोडून तिकडे जाणार, असं रंगनाथच्या डोक्यात शिरलं. विचारलं मात्र नाही. फक्त सितारामचे शब्द परत म्हणायचं सोडलं.

एका बाजाराच्या दिवशी रंगनाथची गरोदर लेक भक्ती माझ्यात बसली होती. समोर खडक पाहून सिताराम ओरडला, "वर घे!" होडी धारेच्या वरच्या अंगाला घे, असं त्याला म्हणायचं होतं. बांबू होता तेव्हा दुसरा अर्थच नव्हता. रंगनाथला वाटलं, पंखा दगडाला लागेल म्हणून मोटार वर उचलायला सांगतोय. त्यानं मुकाट्यानं उचलली. माझा जोर गेला, धारेनं मला आडवं केलं आणि खडकावर माझी कूस फुटली.

पाणी कमरेइतकंच होतं. दोघांनी भक्तीला उचलून काठावर नेलं, ती सुखरूप आहे. पण समोरच्यानं मुद्दाम केलं, असं दोघांनीही मनात धरलं आणि मी काठावर पालथी पडून राहिले.

परवा भक्तीनंच दोघांना माझ्याजवळ आणलं.

"काका, तुमी काय म्हनलात? अन् आप्पा, तुमी काय ऐकलं?"

दोघांनी सांगितलं. रंगनाथनं मग पलीकडच्या होडीवाल्याचं विचारलं.

"त्येच्या होडीला आधीपास्नं मोटार हाय. मोटारीच्या आवाजात हाका कशा देतेत, ते इचारायला गेल्तो म्या," सिताराम म्हणाला.

रंगनाथची मान खाली गेली. मग सिताराम माझ्या फटीपाशी बसला.

"डांबर दे."

"डांबर," रंगनाथ म्हणाला आणि डबा पुढे केला.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तरी माझा अजून पुरता विश्वास नाही. बाबांनो, मला पाण्यात लोटण्याआधी 'वर' कशाला म्हणायचं ते ठरवा. मला सगळं ऐकू येतं, पण तुमचा शब्द तुम्हाला परत द्यायला मला तोंड नाही.