राहिलेल्या दोन ओळी

मित्रांनो, बोटाएवढी लांब, कडेला खडूसारखी पांढरी अशी एक जुनी काचपट्टी तुमच्याशी बोलते आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात मी चार वर्षं उभी आहे.

खालच्या दवाखान्यात सिस्टरने एका बाईच्या गर्भाशयाच्या मुखावरून छोटा ब्रश फिरवला, माझ्यावर पुसला आणि मला लगेच स्पिरिटमध्ये बुडवलं. ती बाई शिवणकाम करायची. "झालं? एवढ्यासाठी मी आठवडाभर जीव मुठीत धरून होते!" ती हसली. दाराशी तिची लेक दप्तर घेऊन उभी होती.

वरच्या प्रयोगशाळेत मला निळ्या-नारिंगी रंगांत न्हाऊ घातलं. "काय छान रंग चढलाय हिला," सूक्ष्मदर्शकापाशी बसणाऱ्या ताई म्हणाल्या. मी फुलून गेले. ताई एकेक ओळ धरून पाहायच्या आणि मध्येच उठावं लागलं, तर थांबल्या जागी शाईचा ठिपका द्यायच्या. त्या दिवशी प्रयोगशाळेच्या साहेबांनी हाक मारली आणि ठिपका राहिला. परतल्यावर त्यांनी अंदाजाने सुरुवात केली. मधल्या दोन ओळी राहून गेल्या. नेमक्या तिथेच अकरा वाईट पेशी होत्या, काळ्याकुट्ट केंद्रांच्या. मी जिवाच्या आकांताने ओरडले, पण काचेला कुठला आवाज! अहवालावर 'दोष नाही' लिहून ताईंनी मला खणात ठेवलं.

'तीन वर्षांनी पुन्हा या' असंही त्यावर होतं. ती आली नाही. काही निघालं नाही म्हटल्यावर कोण कशाला येईल? मी मात्र दिवस मोजत राहिले.

गेल्या महिन्यात ती आली, रक्तस्राव थांबेना म्हणून. या रोगाला कारण ठरणारा विषाणू शोधणारी नवी तपासणी झाली, मग गर्भाशयाच्या मुखाचा छोटा तुकडा काढून पाहिला. कर्करोग होता आणि तो पसरला होता. ताईंनी मला शोधून काढलं. या खेपेला एकही ओळ सोडली नाही.

"अगं आई गं! हे तेव्हाच होतं," त्या म्हणाल्या आणि माझ्यावर टपकन पाणी पडलं. मग त्यांनी त्या अकरा पेशींशेजारी ठिपका दिला आणि मला साहेबांसमोर ठेवलं. "चूक माझी आहे, सर."

आज लेक खिडकीशी आली होती, आता ताईंच्या खांद्याएवढी. "काकू, आई बरी होईल ना?"

ताई बाहेर आल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

मित्रांनो, मला खुशाल फोडून टाका. पण आज घरी गेल्यावर आईला विचारा, गर्भाशयाच्या मुखाची ही तपासणी कधी केलीस? आणि ती म्हणाली, "केली होती रे मागे, काही निघालं नव्हतं," तर तिचा हात सोडू नका, तिला पुन्हा तपासणीला घेऊन या.