चाखून न पाहिलेलं सूप

"हे गाजर इतकं स्वच्छ कसं?" मनोहररावांनी गाजर खिडकीच्या उजेडात धरलं. "मातीचा एक कण नाही. कोणी धुतलं? काऊन धुतलं?"

"बाबा, इथे तशीच मिळतात," सून रेणू म्हणाली.

"तेच तं म्हणतो मी."

नागपुरात वीजचोरी पकडणाऱ्या पथकात मनोहररावांची सगळी नोकरी गेली होती. समोरचा माणूस न मागता चहा पाजतोय म्हणजे मीटरच्या मागे वायर आहे, हे त्यांना कपाला हात लावण्याआधी कळायचं. निवृत्तीबरोबर पथक सुटलं, सवय सुटली नाही. अमेरिकेत नोव्हायला मुलाकडे आल्यापासून त्यांची डिशवॉशरवर नजर होती (आत काय चालतं ते दिसत नाही) आणि शेजाऱ्यावरही (रोज हसतो, कारण सांगत नाही).

आज मात्र संशयित ते स्वतः होते. पत्नी मीनाक्षीबाई गेल्यावर संग्रामनं वडिलांना इकडे आणलं, आणि आता परत जाऊ देत नव्हता. "एकटे कसे राहाल? तुम्हाला चहापुढे काही येत नाही," या एका मुद्द्यावर सगळं अडलं होतं. शेवटी काल जेवताना सौदा ठरला. मनोहररावांनी कोणाच्याही मदतीशिवाय सगळ्यांसाठी भाज्यांचं सूप करायचं. खाण्यासारखं झालं तर नागपूरचं तिकीट, नाही तर विषय बंद. पोळ्यांवर परीक्षा घेतली असती तर निकाल आधीच लागला असता, म्हणून सूप.

बाहेर गुडघाभर बर्फ. शाळा बंद, ऑफिस घरून. सगळे साक्षीदार हजर होते. नात अनिका तर ओट्याशेजारी स्टूल टाकूनच बसली होती.

"तू इथं काऊन बसली? बापानं पाठवलं?"

"आय ॲम जस्ट वॉचिंग, आजोबा."

"सगळे हेच म्हणतात."

गाजर, फरसबी, कोबी, बटाटा, टोमॅटो असं सगळं चिरून त्यांनी पातेल्यात टाकलं. शेगडी काचेची होती, तिला जाळ नव्हता. पाणी उकळलं तरी मनोहररावांचा विश्वास बसेना. ते झाकण ठेवायचे, पाठ फिरवायचे आणि एकदम वळून झाकण उचलायचे. पाणी दर वेळी उकळतच होतं.

संग्राम मीटिंग सोडून बेसमेंटमधून वर आला. "बाबा, थोडं टेस्ट तरी करा. मिठाचं कसं कळणार?"

"उष्टं करू सगळ्यांचं? तुझ्या आईनं कधी चाखून पाहिलं? देवाला दाखवायचं असो की नसो."

"अहो, पण आईला अंदाज होता."

"तू माझं ध्यान हटवून राहिला. जा खाली."

संग्राम गेला. मीनाक्षीबाई मीठ टाकताना पातेल्याकडे पाहत नसत, खिडकीबाहेर पाहत. हे मनोहररावांना पक्कं आठवत होतं. म्हणून चिमूट हातात धरून तेही खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर सगळंच पांढरं होतं; त्यावरून मिठाचा काही अंदाज लागेना. त्यांनी डोळे मिटले आणि चिमूट सोडली. मग आणखी एक.

टेबलावर पहिला चमचा अनिकानं घेतला. "ओह. इट्स गुड."

"खरंच बाबा, छान झालंय," रेणू म्हणाली.

मनोहरराव तिच्याकडे रोखून पाहत राहिले. नोकरीत 'खरंच' हा शब्द त्यांनी फक्त चोरांच्या तोंडून ऐकला होता. त्यांनी स्वतः घोट घेतला. सूप छान झालं होतं. हे तर जास्तच संशयास्पद होतं.

संग्रामनं वाडगा संपवला. "ओके. मार्चचं तिकीट बुक करतो."

"एवढ्यात?"

"ठरलं होतं ना?"

"हो. ठरलं तं होतं."

मनोहररावांचा चमचा थांबला. पकडला गेल्यावर जो माणूस वाद घालत नाही, त्याच्याकडे दुसरी वायर असते. संग्रामनं वाद घातला नव्हता. आज एकदाही 'राहा' म्हटलं नव्हतं. म्हणजे आपण जावं हे यांनाच हवं होतं की काय?

"काऊन रे, तिकीट आधीच पाहून ठेवलं होतं का?"

"नाही, बाबा." संग्राम मान खाली घालून रिकामा वाडगा चमच्यानं खरवडत होता. त्यानं नाक ओढलं.

"काय झालं?"

"मिरपूड. जास्त झालीय."

"व्हॉट पेपर?" अनिका म्हणाली. रेणूनं तिच्या हातावर हात ठेवला.

मनोहररावांनी मिरपूड टाकलीच नव्हती. या घरात ती कुठे ठेवतात हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. समोर धडधडीत खोटं बोललं गेलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चौकशी केली नाही.

"हो," ते म्हणाले. "हात सुटला माझा."

आणि संग्रामचा वाडगा स्वतःकडे ओढून त्यांनी तो पुन्हा काठोकाठ भरला.