दोन चर आणि एक पहार

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. मोडक्या ट्रकच्या आसापासून जन्मले. लोहाराने मला भट्टीत लाल केले, घणाने बडव बडव बडवले. मी हूं की चूं केले नाही. पुढे जन्मभर मीच बडवत आले. खडक फोडले, भिंती लोळवल्या. लोक म्हणत, "पहार असावी तर अशी!" मग यंत्रे आली आणि मी गोठ्यामागे गंजत पडले.

यंदा सुट्टीत गावच्या तरुणांनी शाळेसाठी चर खणायला घेतला. पाऊस पडला की वर्गात पाणी शिरायचे, मुले बाकांवर पाय वर घेऊन बसायची. वरच्या आळीने वरून खणायचे, खालच्या आळीने खालून. मध्ये गाठ पडायची. गवंड्याच्या मुलीने दोरी ताणून दिली. मला वरच्या आळीतल्या ड्रायव्हरच्या मुलाने उचलले. अंगात रग, डोक्यात राख!

वाटेत खडक लागला. तो टाळायला पठ्ठ्याने गुपचूप दोरीची खुंटी बाजूला सरकवली. मी हातात असताना! शेवटी दोन्ही चर एकमेकांना चुकवून शेजारून निघून गेले.

"डोळे घरी ठेवून आलास काय रे?" खालच्या आळीतला गवंड्याचा मुलगा हसला.

"तुझ्या बहिणीची दोरीच वाकडी!"

"ताईचं नाव काढलंस तर थोबाड फोडीन!"

दगड उडाले. कुणाचा दात पडला, कुणाच्या पाठीत फावड्याचा दांडा बसला. गवंड्याचा मुलगा चरात उताणा पडला. ड्रायव्हरच्या मुलाने मला त्याच्या डोक्यावर उगारले आणि हाणले. लोखंडाला मध्येच थांबता येत नाही. आडवा आला तो ताईचा हात.

खडक फुटल्याचा आवाज मला फार आवडायचा. हाडाचाही तसाच येतो, मित्रांनो. तेव्हापासून आवडत नाही.

आठ दिवसांनी ताई आली, हात गळ्यात बांधून. दुसऱ्या हाताने मला फरफटत नेऊन ड्रायव्हरच्या मुलापुढे टाकले.

"उचल."

"ताई, मी हिला हात लावणार नाही."

"नखरे पुरे! माझा हात मोडलास, आता खडक कोण फोडणार, माझा बाप? खुंटी होती तिथे लाव आणि हाण."

त्याने खुंटी जागेवर लावली आणि मला उचलले. तिचा भाऊ खाली बसला आणि अगदी माझ्या टोकाशी हात घालून कपच्या काढू लागला. घाव खडकावरच पडले. अंधार पडायच्या आत चर जुळला.

मित्रांनो, मला तेल लावा, उघड्यावर टाकू नका; एवढे मी हक्काने मागते. आणि भांडायची खुमखुमी आलीच, तर आधी मला खाली ठेवा. माझ्याकडे नुसते वजन आहे. अक्कल तुम्हीच आणायची.