पिशोरच्या भिंतीवरचा नकाशा

मी एक जुना नकाशा आहे, औरंगाबाद जिल्ह्याचा. जुना म्हणा, पण टाकाऊ म्हणू नका मित्रांनो. माझ्या अंगावर अख्खा जिल्हा आहे.

माझा जन्म निजामाच्या काळातला. जाड कापडावर मला चिकटवले आणि नावे उर्दूत छापली. सातमाळ्याच्या डोंगररांगेला तपकिरी रंग, गोदावरीच्या सखल खोऱ्याला हिरवा. उभ्या रेषा रेखांशांच्या, आडव्या अक्षांशांच्या. दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात, तिथे गाव सापडतेच.

पोलीस ॲक्शन झाले, राजवट बदलली आणि पिशोरच्या शाळेचा कारभार मराठीत आला. मला जाळायचेच ठरले होते. सदाशिव गुरुजी आडवे आले. त्यांनी रात्रंदिवस खपून मराठी चिठ्ठ्या लिहिल्या आणि खळ लावून माझ्यावर डकवल्या. पण गुरुजींचे सगळे शिक्षण उर्दूतले. उजवीकडून सुरुवात करायची हाताला सवय. रेखांशांचे आकडेही त्यांनी उजव्या कडेपासून चढत्या क्रमाने लावले. पंच्याहत्तर पूर्वेला गेला, शहात्तर पश्चिमेला. मला कळत होते, पण नकाशाला तोंड कुठे असते?

पुढे तपासनीस अनंतराव आले. त्यांचा शेरा चांगला पडला तरच गुरुजींची नोकरी कायम होणार होती. त्यांनी पुंजारामच्या पोरीला, साळूला उभे केले आणि पिशोर कोणत्या रेखांशाजवळ आहे ते विचारले. साळूने पिशोरवर बोट ठेवले. जवळच्या चिठ्ठीवर शहात्तर होते. तिने एकदा गुरुजींकडे पाहिले.

"साहेब, चिठ्ठ्या उलट्या लागल्यात," ती म्हणाली. "उगवतीकडं जाताना आकडा वाढतो, असं गुरुजींनीच शिकवलंय. हितं तर कमी व्हतोय. आपलं पिशोर पंच्याहत्तरच्या जवळ."

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. तरीही ते पुढे झाले. "चूक माझी आहे, साहेब. पोरीचं बरोबर आहे."

अनंतरावांनी चष्मा लावून मला जवळून पाहिले. मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या चुकीवर बोट ठेवील इतकं तुम्ही हिला शिकवलंत. आणखी काय तपासू?" त्यांनी शेऱ्याच्या वहीत सही केली. गुरुजींची नोकरी कायम झाली. दुसऱ्या दिवशी साळूने स्टुलावर चढून चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, आणि खाली उभ्या गुरुजींनी खळीची वाटी धरली. इतका मान मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही.

आता मी कपाटावर गुंडाळून पडलो आहे. वाळवी एका कोपऱ्याला लागली आहे, आणि याचे मला वाईट वाटते. पण पिशोर शाबूत आहे. मित्रांनो, मला खाली काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि भिंतीवर टांगा. बोट ठेवून आपले गाव शोधा. माझे कुठे चुकले असेल, तर साळूसारखे सर्वांदेखत सांगा. मला राग यायचा नाही.