चिकाची कासंडी

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाय, एवढी अक्कल माझ्या आयशीनं मला शिकवली आणि बदरुन्निसाला तिच्या आईनं. बदरू माझी खालच्या घरची शेजारीण. मी रंगूबाई ज्या वर्षी लग्न होऊन पोलादपूरजवळच्या या वाडीत आले, त्याच वर्षी तीही निकाह होऊन आली. माझं घर वर, तिचं खाली, मधे उताराचं वावर. तिच्या परसात विहीर. एप्रिलात अख्खी वाडी टँकरच्या नावानं बोटं मोडत बसते, तेव्हाही त्या विहिरीला पुरुषभर पाणी असायचं. आणि गोड तरी किती! बदरूनं त्या पाण्याला कधी कुणाला नाय म्हटलं नाय.

माझ्या म्हशी त्याच पाण्यावर जगल्या. म्हणून म्हैस व्याली की पहिला चीक बदरूच्या घरी, हा माझा नेम. पितळेची कासंडी भरून चीक मी खाली न्यायची, आणि ती कासंडी विहिरीच्या पाण्यानं भरून परत यायची. "माझ्याकडं दुसरं काय हाय गो?" म्हणायची. मी तिथंच उभ्यानं दोन घोट प्यायची, मग घरी आणायची. चाळीस वर्षं हेच चाललं.

तेव्हा आमच्या दोन म्हशी होत्या. शेण गायरीत, म्हणजे घरामागच्या खतखड्ड्यात पडायचं, तिथनं शेतात जायचं. भाताच्या रोपांसाठी राब भाजायच्या दिवसांत तर पुरायचं नाय, मी दुसऱ्यांच्या गुरांमागं पाटी घेऊन फिरायची. मग माझा विनीत मुंबईची नोकरी सोडून आला आणि हायवेवरच्या हॉटेलांना दूध घालू लागला. दोनाच्या बारा म्हशी झाल्या. सिमेंटचा गोठा झाला, दिवसातनं दोनदा पाइपानं धुवायला लागला. ते सगळं पाणी गायरीत. पावसात गायरी तुडुंब भरून उतारावर वाहायची.

विनीत पहिल्याच वर्षी बोलला होता, मी खोटं नाय बोलणार. "आये, गोबरगॅस बांधूया. शेण टाकीत, गॅस चुलीला, उरलेली रबडी शेताला. खाली चाचीची विहीर हाय."

माझं डोकंच सणकलं. "शेणाला काय धाड भरलीय रे? शेणानं आपण अंगण सारवतो, देवघर सारवतो. ते शेण पाणी नासवंल? आणि टाकीत कुजल्या शेणाच्या वाऱ्यावर मी देवाचा निवद शिजवू? माझ्या जिवात जीव हाय तोवर नाय!"

विनीतनं बापाकडं बघितलं. आमचे हे, हैबतराव, विडी शोधायला बाहेर निघून गेले. चाळीस वर्षांत त्या माणसानं एवढंच शहाणपण कमावलंय. टाकीची गोष्ट तिथंच राहिली.

दोन वर्षांनी बदरू स्वतः चढण चढून आली. गुडघे धरून ओटीवर बसली. "रंगू, रागावू नको गो. पाण्याला वास येतोय."

"कसला वास?"

"गोठ्याचा."

आता तोंड आवरायचं की नाय माणसानं? जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला तर लगामही नाय. मी म्हटलं, "माझं शेण घाण नाय. आधी तुझ्या कोंबड्या कुठं हगतात ते बघ!" बदरूनं डोक्यावरची ओढणी नीट केली आणि खाली गेली. मी मागनं हाकसुद्धा मारली नाय. त्या दिवसापासनं माझं खाली जाणंच बंद.

तिचा इरशाद महाडात राहतो. बाप वारल्यापासनं आईला बोलावत होता, खोलीसुद्धा तयार ठेवली होती. ती दर वेळी एकच सांगायची, "तुझ्या नळाचं पाणी मला गिळवत नाय. माझी विहीर हाय तोवर मी इथंच." हे मला पाठ होतं. विहीर गेली तर बदरू जाईल, एवढा साधा हिशेब मला कळू नये?

यंदा चैत्रात आरोग्याकडची आम्रपाली पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेली आणि आठ दिवसांनी सांगायला आली. "चाचींच्या विहिरीचं पाणी कुणी पिऊ नका. त्यात शेणाचं पाणी झिरपतंय." मी तिच्याशीही भांडले. पोरगी शांत. म्हणाली, "मावशी, शेण वाईट नाय हो. तुम्हाला दोन भाकऱ्या पचतात. बारा वाढल्या तर पचतील? जमिनीचंही तसंच हाय."

ती गेल्यावर मी तरातरा उतार उतरले. कुणाला न विचारता पोहरा सोडला, पाणी काढलं, ओंजळ तोंडाला लावली. आई गं! माझ्याच गोठ्याचा वास. घशाखाली घोट उतरेना, मी थुंकले. वर बघते तर बदरू दारात उभी. "बघ, मी सांगत नव्हते?" असं एकदा म्हणाली असती तरी मला बरं वाटलं असतं. तेही म्हणाली नाय.

मग मीच विनीतच्या मागं लागले. महिन्याभरात टाकी झाली. गायरी बुजवली, गोठ्याचं पाणी टाकीकडं वळवलं. आता गॅसवर निवद शिजतो, देवानं अजून तोंड वाकडं केलेलं नाय. विनीतनं पंप लावून विहीर दोनदा उपसली. आम्रपालीला विचारलं तर म्हणाली, "वरनं येणं थांबलं ते चांगलं झालं. पण जमिनीत मुरलंय त्याला वेळ लागणार. दोन पावसाळे, तीन पावसाळे, सांगता येत नाय."

तोवर बदरू टँकरच्या रांगेत. जिनं अख्ख्या वाडीला पाणी पाजलं, ती कडेवर हंडा घेऊन उन्हात उभी. मी तिचा हंडा घ्यायला गेले. "राहू दे गो, सवय करते," म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेच्या शेवटी इरशाद टेम्पो घेऊन आला. नेमकी त्याच पहाटे आमची चंद्री व्याली. मी कासंडी भरून तशीच खाली धावले. घरातलं सामान निम्मं बाहेर आलेलं.

"बदरू, माझं चुकलं गो," मी म्हटलं. "तुझ्या पाण्यावर माझी गुरं जगली आणि मीच..."

"तू काय मुद्दाम केलंस?" ती म्हणाली. "पण तेव्हा ऐकलं असतंस तर बरं झालं असतं."

तिनं चीक आपल्या डब्यात ओतला. कासंडी टँकरच्या पाण्यानं विसळली. मग सवयीनं परसात गेली, विहिरीपाशी थांबली, रहाटाच्या दोराला हात लावला आणि तशीच मागं फिरली. घरात इकडं तिकडं बघितलं. साखरेचा डबा, तांदळाची कणगी, सगळं टेम्पोत चढलेलं.

"रंगू, आज यात काय घालू गो?"

"काय नको," मी म्हटलं आणि तिच्या हातातनं कासंडी घेतली.

टेम्पो गेल्यावर मी चढण चढून घरी आले. सूनबाई अक्षदा ओटी झाडत होती. तिनं कासंडीत वाकून बघितलं. "आत्या, चाचीनं पाणी नाय दिलं? की वाटेत सांडलं?"

"सांडलं नाय गो," मी म्हटलं. "मीच नासवलं."