न शिवलेलं वळण

चारांपैकी एक चाक फिरत नव्हतं. बोटभर लांबीची पत्र्याची लाल गाडी, कंपनीचा कॉम्प्युटरवरचा खेळ बाजारात आला त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना आठवण म्हणून वाटलेली, आणि तिचं मागचं डावं चाक असं घट्ट बसलेलं की टेबलावर ढकलली की सरळ जायचं सोडून गिरकी घ्यायची आणि पुन्हा ढकलणाऱ्याकडेच तोंड करून उभी राहायची. शर्यतीचा खेळ करणाऱ्या कंपनीने द्यावी अशीच भेट आहे, असं आवाजवाला म्हणाला होता – इंजिनांचे आवाज करायचा म्हणून तो आवाजवाला – आणि सगळे पोट धरून हसले होते, कारण त्या दिवशी परीक्षणं अजून यायची होती. आता कुणी हसत नव्हतं. तिने नखाने गाडीला पुन्हा एकदा टिचकी मारली आणि समोरच्या पडद्याकडे पाहिलं. मास्तरचं परीक्षण सकाळपासून तिथे उघडं होतं. ती ते वाचत होती असं म्हणणं खरं नव्हतं. दुखऱ्या दाताकडे जीभ जावी तशी तिची नजर फिरून फिरून त्या एकाच परिच्छेदाकडे जात होती.

मास्तर हा खेळांचा परीक्षक. सगळ्यांना मार्क देतो म्हणून मास्तर, आणि हातचं राखून देतो म्हणून जास्तच मास्तर. त्याने दहापैकी चार दिले होते. बाकीच्यांनी तरी काय दिवे लावले होते म्हणा... एकाने लिहिलं होतं की या खेळात सगळ्यात वेगाने येणारी गोष्ट म्हणजे खेळ बंद करायची इच्छा. दुसऱ्याने लिहिलं होतं की नकाशा एवढा अफाट आहे की त्यात करण्यासारखं काहीच नाही हे कळायलाच आठवडा जातो. गाड्या साबणावरून घसरतात, डोंगर पुठ्ठ्याचे वाटतात, आणि ट्रॅफिक – ट्रॅफिकबद्दल तर सगळ्यांचं एकमत. ऐन हमरस्त्यात गाड्या थांबतात. पुलावर थांबतात, बोगद्याच्या तोंडाशी थांबतात, मागे रांग लागते, आणि शर्यतीत पहिला येऊ घातलेला खेळाडू त्या रांगेवर जाऊन आदळतो. लोकांनी त्याचे व्हिडिओ केले होते, त्यांना गाणी लावली होती. खेळातल्या त्या मुलखातला रस्ता न् रस्ता तिने काढलेला होता. शिव्या कुणाच्याही नावाने असोत, पत्ता तिचाच होता.

हे ती सोसू शकली असती. चार लोकांत मार खाल्ला की लाज वाटते, पण तिथे एकटेपण नसतं. सगळं ऑफिसच मान खाली घालून बसलेलं असतं. पण मास्तरने शेवटी लिहिलं होतं – ‘या एवढ्या निर्जीव मुलखात एकच जागा अशी आहे जिथे कुणीतरी श्वास घेतला आहे. तळ्यावरच्या घाटात एका वळणावर साधा लाकडी बाक आहे. तिथे येणारी प्रत्येक गाडी थांबते. कारण दिसत नाही, सिग्नल नाही. थोडा वेळ उभी राहते, जणू तळं बघते, आणि निघून जाते. मीही थांबलो. शर्यत हरलो आणि वाईट वाटलं नाही. हे ज्याला सुचलं त्याला खेळ म्हणजे काय ते कळलेलं आहे.’ आणि एवढ्यावर न थांबता त्याने शेवटची नामावली धुंडाळून त्या भागातली सजावट कुणाची हे शोधून काढलं होतं, आणि नाव छापलं होतं. धाकटीचं.

धाकटी म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण. हिनेच तिला इथे चिकटवली होती, साहेबांकडे शब्द टाकून. बाक, कुंपणं, दिव्याचे खांब, रस्त्याकडेची झाडंझुडपं असलं किरकोळ सामान मांडायचं काम. आणि आता आयत्या बिळावर नागोबा... हा विचार मनात आला तशी ती दचकली, पण हाकलला मात्र नाही.

कारण त्या गाड्या का थांबतात हे तिला ठाऊक होतं. रस्ता एका दमात काढता येत नाही. तुकड्यातुकड्याने काढायचा आणि तुकड्यांची टोकं एकमेकांना जोडत जायची. त्या जोडणीला ऑफिसात टाका म्हणत, त्या कामाला शिवणं, आणि तिला शिंपीण. टाका राहिला तर खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही, तो सुसाट पार होतो. पण खेळातल्या बाकीच्या गाड्या, ज्यांना कुणी चालवत नाही, त्या आंधळ्या. त्यांना रस्ता दिसत नाही, फक्त टाके कळतात. टाका नाही म्हणजे त्यांच्या लेखी जग तिथेच संपलं. त्या बिचाऱ्या उभ्या राहतात, आणि मग प्रोग्रामच कंटाळून त्यांना उचलतो नि पुढच्या तुकड्यावर ठेवून देतो. पुलावर तेच, बोगद्यापाशी तेच, आणि तळ्यावरच्या वळणावरही तेच – अगदी तेच. पुलावर त्याला गलथानपणा म्हणतात. वळणावर शेजारी एक बाक आहे, घाटात वर्दळ कमी म्हणून गाडी एकेकटीच येते, तर तिथे तो श्वास झाला.

म्हणजे जी चूक आपली म्हणून जगभर टिंगल झाली तीच चूक बहिणीची म्हणून डोक्यावर घेतली गेली. आणि बोलायची सोय नाही. काय बोलणार? साहेबांच्या खोलीत जाऊन सांगायचं की ती पण माझीच चूक आहे हो? मी काय मागतेय, माझं गाढव मला परत द्या?

लहानपणी दोघींत एक सायकल होती. पेडल हिने मारायचं, आणि मागे कॅरिअरवर बसून धाकटीने रस्त्यातल्या येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायचा. लोक हसून हात करायचे – मागे. चढावर हिचा जीव जायचा, श्वास पुरत नसे, आणि मागून आवाज यायचा, ताई, ते बघ, त्या आजोबांनी टोपी काढली! दिसायचं कसं? मान खाली, नजर पुढच्या चाकावर. काल रात्री आईचा फोन आला होता. धाकटीबद्दल कुणा मोठ्या माणसाने लिहिलंय म्हणे, आईने शेजारच्या बाईंनाही सांगून झालं होतं, आणि मग सहज आठवल्यासारखं विचारलं, तूपण त्याच खेळात होतीस ना गं? ती हो म्हणाली होती. आईने मोकळेपणाने कौतुक केलं होतं, छान झालं, दोघी बरोबर आहात.

हे सगळं पोटात घालता आलं असतं, जर सकाळी साहेबांनी तिला बोलावलं नसतं. पुढच्या खेळाचं अख्खं जग – रस्ते, गावं, माणसं, सगळं – एका माणसाच्या हाती द्यायचं ठरलं होतं, आणि ते आपल्या हाती येणार हे ती इतकी वर्षं धरून चालली होती. साहेब म्हणाले, धाकटीचा विचार करतोय. बाहेर तिचं नाव झालंय, आपल्याला सध्या एका चांगल्या नावाची गरज आहे, आणि तू आहेसच पाठीशी. पाठीशी! मग चष्मा पुसत म्हणाले, संध्याकाळी अपडेट जाणार, त्याआधी राहिलेले सगळे टाके घालून टाक, आता एकही राहता कामा नये.

एकही. साहेबांना बिचाऱ्यांना काय म्हणून गेलो याचा पत्ता नव्हता. घाटातल्या गाड्या मुद्दाम थांबवल्या आहेत असंच तेही समजत होते. तिने दुपारपर्यंत पूल शिवला, बोगदा शिवला, हमरस्ता शिवला, हात सराईतपणे चालत होते, आणि आता तो घाट तेवढा उरला होता. नेहमीसारखं तिने बाकी सगळं बंद ठेवलं होतं – झाडं, पाणी, डोंगर, आकाश. ती कायम तसंच काम करायची. काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या रेघा. सगळं दिसत राहिलं की मशीन मंदावतं आणि माणूसही, असं ती नव्या मुलांना सांगायची. वळणापाशी दोन रेघा एकमेकींच्या अगदी जवळ येऊन थांबल्या होत्या. एक टाका घातला की झालं. उद्यापासून गाड्या तिथून भुर्रकन निघून जातील, मास्तर विचारेल कुठे गेलं ते, लोक विचारतील, आणि धाकटी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसेल, कारण तिचं तिलाच माहीत नसेल की होतं ते काय होतं. आणि मला कुणी बोल लावू शकणार नाही, मी सांगितलेलं काम केलं... या कल्पनेने तिला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं, आणि ते तिने स्वतःपासून लपवलं नाही.

“ताई, वेळ आहे?”

धाकटी खुर्ची ओढून बसलीसुद्धा होती. आवाजवाला जाता जाता म्हणाला, तुझ्या बहिणीने राखली बघ आपली लाज, आणि धाकटी कसंनुसं हसली. मास्तरचा फोन येणार होता, तिची मुलाखत घ्यायला. तो पहिला प्रश्न हाच विचारणार, गाड्या का थांबतात. काय सांगू, असं ती विचारत होती.

आता आली जाळ्यात. ती गोड आवाजात म्हणाली, “तुला काय वाटतं, का थांबतात?”

“टाका नाहीये ना तिथे.”

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. धाकटी आपल्याच नादात सांगत होती. तुला आठवतं, मी म्हटलं होतं, त्या वळणाला जरा जागा दे, मला तिथे काहीतरी ठेवायचंय? तू रस्ता कापून रुंद करून दिलास. मी संध्याकाळी बाक ठेवला. सकाळी येऊन बघते तर गाड्या थांबायला लागलेल्या, बरोब्बर बाकापाशी.

तिला आठवलं. ऐन घाईच्या दिवसांत हिचं हे मध्येच – जरा जागा दे – आणि तिने चरफडत, दात खात तो तुकडा कापला होता, रुंद केला होता आणि टाका घालायचा विसरून पुढच्या कामाला लागली होती. काहीतरी म्हणजे काय ठेवायचंय, हेही विचारलं नव्हतं. बाक तिने पहिल्यांदा पाहिला तो मास्तरच्या परीक्षणातल्या फोटोत.

“मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?”

“सांगायचं काय त्यात?” धाकटीला प्रश्नच कळला नाही. “आधी वाटलं राहिला असेल. मग म्हटलं, नाही, ताईने बाक पाहिला आणि मुद्दाम सोडला. पुढे बाकीचे राहिलेले निघाले, ते घाईतले. हा घाईतला नाही, हे मला माहीत होतं. तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही नाही बोलले. तुझं असतंच तसं, करायचं आणि गप्प बसायचं.” मग ती जरा थांबली. “पण आता तो विचारणार. तुझं नाव सांगू ना? साहेबांनाही सांगते. मला ते माझ्या नावावर नकोय, ताई. झोप येत नाही मला.”

इतकी साधी गोष्ट होती. हो म्हणायचं. सकाळपासून जे हवं होतं ते सगळं ही पोरगी दोन्ही हातांनी पुढे करत होती – नाव, मास्तर, साहेब, पुढचं अख्खं जग – आणि हो म्हणणं खोटंही नव्हतं, टाका तिचाच होता, तिनेच घातला नव्हता. आणि नाही म्हणायचं तर? तर सांगावं लागेल की मी बाक पाहिला नाही. मी तुझं काहीच कधी पाहिलं नाही, मी सगळं बंद करून काम करते.

“फोन यायच्या आत सांगते,” ती म्हणाली.

धाकटी उठून समोरच्या काचेच्या खोलीत गेली. इकडे हिने पडद्यावर एकेक गोष्ट चालू केली. डोंगर आले, मग पाणी, मग आकाश, झाडं, आणि मशीन मंदावलं. वळणावर बाक होता. त्याची एक फळी बाकीच्यांहून जुनी दाखवली होती, कडेला बसून बसून गुळगुळीत झाल्यासारखी. कुणी गाडीतून उतरून जवळ जाणार नाही अशा जागी एवढं कशाला करायचं... एक निळी गाडी घाट चढून आली, बाकापाशी थांबली. तिला माहीत होतं की गाडी आंधळी आहे, तिच्या लेखी इथे जग संपलं आहे. तरी ती तळं बघत असल्यासारखीच दिसली. ती निघून गेली, मागून दुसरी आली.

सकाळपासून पोटात जे जळत होतं ते विझलं नव्हतं. फक्त त्याने तोंड फिरवलं होतं. धाकटीचा हेवा करायला आता काही उरलंच नव्हतं, ती सगळं देऊन मोकळी झाली होती. हेवा वाटत होता तो त्या दुसरीचा – जिने ऐन घाईत हातातलं काम थांबवून तो बाक पाहिला होता, ती गुळगुळीत फळी पाहिली होती, आणि एक टाका मुद्दाम सोडून कुणाला न सांगता घरी गेली होती. काचेच्या खोलीत फोन वाजला. धाकटीने उचलायच्या आधी मान वळवून इकडे पाहिलं, ओठांनीच ‘सांगू ना?’ असं विचारलं, आणि ही तशीच बसून राहिली, कारण इतके दिवस धाकटी ताई म्हणून हाक मारत होती ती त्या दुसऱ्या बाईला, आणि ती बाई या खुर्चीवर कधी बसलीच नव्हती.