अर्धा चरण

कौमुदी गेली त्याला आठ महिने झाल्यावर कुंदाताई जर्मनीला आल्या. फेब्रुवारीत व्हिसा वेळेवर मिळाला नव्हता. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसल्या जागी मुलीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. वय अठ्ठावीस. मागचं सगळं तिच्या भावाने, सत्यजितने, एकट्याने निभावलं आणि अस्थी घेऊन तो सांगलीला आला. त्या वेळी कुंदाताई रडल्या नाहीत. आल्यागेल्याला चहा विचारत राहिल्या. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, घट्ट असणारच.

ऑक्टोबरात सत्यजितने त्यांना एश्बॉर्नला आपल्या घरी आणलं आणि दुसऱ्याच शनिवारी गाडीने बॉनला नेलं. कौमुदीचे तीन मित्र भेटायला बोलावत होते. तिघंही पोलंडची, कोलोनला संगीत शिकणारी. पियानो वाजवायची ती गोशा, सॅक्सोफोनवाला उंच बार्तेक आणि ड्रमवाला लेशेक. कौमुदी त्यांच्यात गायची.

ते गाणं कुंदाताईंना कधी पटलं नव्हतं. "संशोधन करायला गेलीस की बँड काढायला?" असं त्या दर रविवारी फोनवर विचारायच्या. जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी कौमुदी म्हणाली होती, "आई, मे महिन्यात ये ना. तुझ्याशिवाय अडलेलं एक काम आहे." आणि त्या म्हणाल्या होत्या, "आधी प्रबंध जमा कर, मग बघू." काम कुठलं, ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

"सत्या, ही मुलं इंग्रजी बोलतात ना रे?"

"या, या. छान बोलतात."

"तुझं हे जर्मन 'हो'चं 'या, या' आधी बंद कर. प्रत्येक वेळी वाटतं, दारात पाहुणे आलेत."

सत्यजित हसला. कितीतरी दिवसांनी आई असं काही बोलली होती.

मुलांची तालमीची जागा एका जुन्या इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात होती. भिंतींना गालिचे ठोकलेले, कोपऱ्यात विजेची किटली. गोशा पुढे आली. काय करावं ते न कळून तिने आधी हात पुढे केला, मग वाकून कुंदाताईंच्या पायांना हात लावला. तोही एकाच पायाला.

"कौमुदीने शिकवलं होतं," ती म्हणाली. "चुकलं का, पानी कुंदा?"

वडीलधाऱ्या बाईला त्यांच्याकडे 'पानी' म्हणतात, हे सत्यजितने हळूच सांगितलं.

"नाही गं, बरोबर आहे," कुंदाताई म्हणाल्या. पोलंडच्या नद्या आणि कोळशाच्या खाणी त्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलींकडून पाठ करून घेतल्या होत्या. पोलंडचं माणूस मात्र आज पहिल्यांदा समोर उभं होतं. रडून रडून त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

चहा झाला. मग बार्तेकने सांगायला घेतलं. गोशाची आजी खेड्यातली, तिची माझुर्का नाचाची गाणी गोशाला येत होती. ती तीन-तीन मात्रांची, आपल्या दादऱ्याच्या जवळपासची. ती गाणी जाझमध्ये कशी बसवायची यावर तिघांची वर्षभर भांडणं चालली होती. मग कौमुदी आली आणि एके दिवशी सहज एक ओवी गुणगुणली. ती गोशाच्या आजीच्या चालीत अशी जाऊन बसली, की लेशेकने हातातल्या काठ्या खाली ठेवल्या.

"लेशेक काठ्या कधीच ठेवत नाही," गोशा म्हणाली. "जेवतानासुद्धा नाही."

"सूप पितो काठ्यांनी," बार्तेक म्हणाला. लेशेक ओशाळला.

मग त्यांनी ध्वनिमुद्रण लावलं.

आधी नुसता पियानो. मग ड्रमवर ब्रशची सळसळ, दूर कुणीतरी अंगण झाडावं तशी. आणि मग कौमुदी.

*परसात फुलली जाई,*
*वारा तिला झोका देई,*
*डोळा लागू दे गं बाई…*

कुंदाताईंनी खुर्चीचा हात धरला. ही ओवी त्यांच्या आईची. पाळण्याच्या दोरीला हात घालून त्यांनी ती आधी सत्यजितसाठी म्हटली आणि बारा वर्षांनी, आता मूल होणार नाही असं सगळे धरून चाललेले असताना झालेल्या कौमुदीसाठी. आवाज कोवळा होता, थोडा खरखरीत, सकाळी उठल्याउठल्या असायचा तसा.

पण तिसऱ्या चरणापाशी ती थांबली. वाद्यंही थांबली. नुसती ब्रशची सळसळ, सहा मात्रा. मग सॅक्सोफोन उचलून दुसरीकडेच निघाला.

ओवी साडेतीन चरणांची. शेवटचा तो अर्धा चरण म्हणजे बाळाचं नाव. *कौमुदीला.* तो गाळला तर कुणाचा डोळा लागायचा, तेच कळत नाही.

"पुढचं विसरली का ती?" कुंदाताईंनी विचारलं.

गोशाने मान हलवली. "आम्हीही तेच विचारलं. ती म्हणाली, तिथे माझंच नाव येतं, आणि आपलं नाव आपण कसं घालायचं? जी पाळणा हलवते तिने घालायचं असतं. म्हणून ती जागा मोकळी ठेवा, मे महिन्यात आई येणार आहे, ती म्हणेल."

सत्यजितने आईकडे पाहिलं. कुंदाताई लेशेकच्या काठ्यांकडे बघत होत्या.

तर हे काम होतं. एका शब्दाचं.

"उद्या आमचा कार्यक्रम आहे," बार्तेक चाचरत म्हणाला. "नदीपलीकडे, सकाळी अकराला. तिच्या आवाजाबरोबर आम्ही वाजवणार. हा शेवटचाच. गोशा मंगळवारी कायमची पोलंडला चालली आहे, त्यानंतर हे आम्ही कधीच वाजवणार नाही. तुम्ही उद्या ती जागा… बसल्या जागेवरून म्हटलंत तरी चालेल. माइक देऊ."

"नाही," कुंदाताई म्हणाल्या.

तो 'नाही' इतका कोरडा निघाला की बार्तेक दचकला.

"रिकामा पाळणा हलवायचा नसतो," त्या सत्यजितला मराठीत म्हणाल्या. "सांग त्यांना. आमच्यात नाही चालत."

सत्यजितने सांगितलं. ती तिघं आपसांत पोलिशमध्ये काहीतरी बोलली. मग गोशाने कुंदाताईंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आमची चूक झाली. माफ करा. ती जागा तुम्हाला टोचेल असं आम्ही काही करणार नाही."

त्या वाक्यात पुढे काय दडलं होतं, ते कुंदाताईंच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

ऱ्हाइनच्या काठाने गाडीकडे जाताना सत्यजित म्हणाला, "आई, एक शब्द होता गं."

"तुला काय जातंय सांगायला? तुझं नाव घालून म्हटली तेव्हा तू पाळण्यात होतास, लाथा झाडत होतास. आता कुणासाठी म्हणू?"

"तिने जागा ठेवली होती."

"माहितीय मला!" त्या रस्त्यातच थांबून ओरडल्या. सायकलवरची एक बाई वळून बघू लागली. "प्रबंध प्रबंध करत बसले मी. पोरगी बोलवत होती आणि मी तिला तारखा विचारत होते. माहितीय मला सगळं."

रविवारी सकाळी सभागृह भरलं होतं. पांढऱ्या केसांची जर्मन जोडपी, टेबलांवर कॉफी, काहींपुढे बिअरसुद्धा. सकाळी अकराला बिअर पिऊन गाणं ऐकायची इथली रीत कुंदाताईंनी एरवी नक्कीच नावाजली नसती. आज त्यांनी ती पाहिलीही नाही. पहिल्या रांगेत त्या कौमुदीची निळी ओढणी घेऊन बसल्या होत्या.

गोशाच्या आजीची गाणी झाली. लेशेकने ड्रमवर घोडे पळवले, लोकांनी टाळ्या दिल्या. शेवटी बार्तेकने कौमुदीचं नाव घेतलं. त्याच्या तोंडी ते 'काऊमुडी' झालं होतं. सभागृह गप्प झालं.

पियानो. सळसळ.

*परसात फुलली जाई…*

आणि कुंदाताईंना सांगलीतली खोली दिसली नाही, पाळणा दिसला नाही, काहीच दिसलं नाही. नुसता आवाज होता, कानाशी, आत्ताचा, जिवंत. मुलगी पहिला चरण म्हणत होती आणि दुसऱ्याकडे निघाली होती, आणि दुसऱ्यानंतर तिसरा येणार होता, आणि मग ती आईची वाट बघत थांबणार होती. पाळणा रिकामा कुठे होता? ती तर गात होती! कालच्या आपल्या 'नाही'ची त्यांना एकदम लाज वाटली. ओठ सुकले होते, ते त्यांनी ओले केले. पाठ ताठ केली. *वारा तिला झोका देई* होताना त्यांना नेमकी पट्टी सापडली, अठ्ठावीस वर्षांत कधी लावली नव्हती तरी. माइक नसला तर नसो. पहिल्याच रांगेत तर होत्या.

*डोळा लागू दे गं बाई…*

कुंदाताईंनी श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

आणि सॅक्सोफोन आला. बार्तेकने डोळे मिटून त्या सहा मात्रा भरून टाकल्या होत्या. इतक्या मायेने, इतक्या हलक्या हाताने, की मोकळी जागा कुठे होती तेच कळेना. एक मात्राही उरली नाही. कौमुदीचा आवाज पुढच्या कडव्यावर गेला, मग विरला, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

बार्तेक घामाघूम होऊन आधी त्यांच्याकडेच आला. "जागा मोकळी नाही ठेवली," तो म्हणाला. "तुम्हाला त्रास नको म्हणून काल तुम्ही गेल्यापासून तेवढंच बसवत होतो. बरं झालं का, पानी कुंदा?"

त्याचे डोळे लाल होते. रात्रभर झोपला नसावा.

"फार छान वाजवलंस, बाळा," कुंदाताई म्हणाल्या आणि त्याच्या गालाला हात लावला.

परतीच्या वाटेवर बॉन मागे पडल्यावर सत्यजितने विचारलं, "आई, मगाशी तू काही म्हणणार होतीस का गं? मला वाटलं, तू…"

"खोकला आला होता," कुंदाताई म्हणाल्या. "रस्त्याकडे बघ तू."